दातांत धरलेला पदर

"आधी तोंड गोड कर, मग भांडायचं तेवढं भांड," असं म्हणत हणमंतमामांनी पेढ्यांचा खोका माझ्या नाकासमोर धरला. चपला अजून पायातच होत्या. "आपला अमू टीव्हीवर येणार!"

मी पेढा घेतला नाही. आई शिलाई मशीनवर बसली होती, तिचा पाय थांबला. आतल्या खोलीत अमू होता, पण तिथून काहीच आवाज आला नाही.

"कुठल्या टीव्हीवर?" मी विचारलं. मला अंदाज आला होता, तरी विचारलं.

"कुठल्या म्हणजे? 'पोट धरून हसा'! त्यांचा दौरा कराडला येतोय. शूटिंग आपल्या नाट्यगृहात. आमची गोदाक्का मसाला कंपनीच प्रायोजक, म्हणजे पहिली रांग आपलीच की. मी त्यांच्या डायरेक्टरला सहज म्हटलं, माझा भाचा खराखुरा आफ्रिकेचा आहे. तो खुर्चीतनं उठलाच! म्हणाला, मामा, आम्ही बुंबाचं लग्न लावतोय, वरपक्षाकडून तुमचा भाचा पाहिजेच. मी शब्द देऊन आलो."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? पोरगं टीव्हीवर येतंय, जेलात नाही चाललं!"

बुंबा ज्यांनी पाहिला नाही ते सुखी. एक गोरागोमटा नट तोंडाला, हातापायांना काळा रंग फासून, कमरेला गवताची झालर लावून, गळ्यात हाडांची माळ घालून स्टेजवर यायचा. भाषा म्हणजे नुसतं 'बुंबा बुंबा'. केळं फेकलं की झडप घालायचा. दर आठवड्याला घराघरात लोक त्याच्यावर लोळून हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा भाऊ कॉलेजात गेला की फाटकापाशीच कुणीतरी ओरडायचं, "आला बुंबा!" एकदा त्याच्या बाकावर केळी ठेवलेली होती. एकदा बसमधल्या एका आजोबांनी प्रेमानं विचारलं, "बाळ, तू टीव्हीत असतोस ना रे?" आजोबांचं वाईट नाही वाटलं, असं अमू म्हणाला. पण त्या दिवसापासून त्यानं बस सोडली.

आमचे बाबा टांझानियाचे. एलायस म्वाक्युसा. फार्मसी शिकायला कराडला आले, कृष्णामाईच्या घाटावर पोहले, इथंच नोकरी केली आणि इथंच गेले. आम्ही लहान होतो. त्यांनी आमची नावं अशी निवडली की दोन्ही घरी चालावीत. माझं आशा. भावाचं अमानी, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शांती. गावानं त्याचा अमू केला. मी आईवर गेले, थोडी सावळी, कुणाच्या डोळ्यात येत नाही. अमू थेट बाबांवर. तसेच केस, तशीच उंची, तसाच रंग.

आईनं बाबांशी लग्न केलं तेव्हा माहेरच्या सगळ्यांनी दार लावून घेतलं. रजिस्टर लग्नाला माहेरचा एकच माणूस आला होता, हणमंतमामा. साक्षीदाराची सही त्यांची. बाबा गेल्यावर आम्हाला खोल्या दिल्या त्या मामांनीच. गोदाक्का कांदा-लसूण मसाल्याची अख्ख्या तालुक्याची डीलरशिप त्यांची, तिच्या जिवावर आमच्या शाळा झाल्या. अमूला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा माणूस आहे तो. म्हणून तर माझी पंचाईत. परक्यानं केलं असतं तर मी त्याला उभा फाडला असता.

"मामा, ते लोक त्याच्यावर हसतील," मी म्हणाले.

"मग हसायचाच कार्यक्रम आहे तो! मला नाही का तरुणपणी पोटावरनं चिडवत? हसून सोडायचं असतं. एकदा स्टेजवर गेला की पोरं उलट मागं लागतील सेल्फीला."

"आई, तू बोल की."

आई मशीनवरचं कापड सारखं करत होती. "दादानं शब्द दिलाय," एवढंच ती हळू आवाजात म्हणाली. भावाच्या शब्दाखाली ती सव्वीस वर्षं वाकलेली होती. मला तिचा राग आला, आणि कीवही आली.

मामा गेल्यावर मी अमूच्या खोलीत घुसले. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. बारावीचे पेपर संपले होते, तरी पोरगं बाहेर पडत नव्हतं.

"ऐकलंस ना? मी सांगते मामांना, तू नाही जाणार."

"जाणार मी."

"वेड लागलंय का?"

"ताई, तसंही म्हणतातच." तो भिंतीशीच बोलत होता. "एकदा समोरासमोर म्हणू देत. कदाचित त्यांचं पोट भरेल. आणि मामांचा शब्द आहे. आईला त्यांच्यासमोर मान खाली घालायला नको."

मला एकच करायचं होतं. त्याला त्या स्टेजवर चढू द्यायचं नव्हतं. कार्यक्रमच थांबला किंवा निदान बुंबा निघाला, तर कुणाचाच शब्द मोडणार नव्हता. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. रक्त काढायचं आणि मधल्या वेळात फोन बघायचा. त्या फोनवरून मी लढाई सुरू केली. 'बुंबा बंद करा' असं हॅशटॅग केलं. बुंबाचे तुकडे टाकले, खाली लिहिलं की हा विनोद नाही, हे एका माणसाच्या कातडीची टिंगल करणं आहे. चॅनेलला टॅग केलं, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग डोकं चालवलं. कार्यक्रम चालतो कुणाच्या जिवावर? जाहिरातवाल्यांच्या. म्हणून गोदाक्का मसाल्याच्या प्रत्येक पोस्टखाली जाऊन लिहू लागले. तुमच्या मसाल्याच्या पैशावर आमच्या पोरांना केळी फेकून मारतात, हे तुम्हाला चालतं का?

गोदाक्कानं उत्तर दिलं. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे," आणि दोन जोडलेले हात. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लिहिलं तर मला ब्लॉक केलं.

बाकी जनता मात्र मोकळी होती. विनोदाकडे विनोद म्हणून बघा. हल्ली ज्याला त्याला भावना दुखवून घ्यायची हौस. आम्हाला लहानपणी काळ्या म्हणायचे, आम्ही कुठं रडत बसलो. एकानं माझा फोटो मोठा करून लिहिलं, "रंग बघा, म्हणजे कळेल मिरची का झोंबली." एकीनं तर मला पाठिंबा देता देता लिहिलं, "काळी असली म्हणून काय झालं, तीही माणसंच आहेत बिचारी." उचलली जीभ लावली टाळ्याला, सगळा गाव तसा. माझ्या बाजूनं जेमतेम मूठभर माणसं, त्यातली निम्मी पुण्याची आणि इंग्रजीत बोलणारी.

शूटिंगच्या आदल्या दिवशी मी आईसमोर अक्षरशः हात जोडले. "आई, तू नाही म्हण. तू म्हटलंस तर तो थांबेल."

"मी नाही म्हटलं तर दादा काय म्हणेल ठाऊक आहे? सगळ्या जगानं लाथाडलं तेव्हा मी उभा राहिलो, आणि तुम्हाला एका संध्याकाळचं जड झालं." आईनं डोळे पुसले. "आणि आशा, तोच तर म्हणतोय जातो म्हणून."

"तो तुझ्यासाठी जातोय!"

दुसऱ्या दिवशी आईनं बाबांनी घेतलेली जांभळी इरकल नेसली. मुलगा स्टेजवर जाणार, तर त्याची आई नीटनेटकी दिसावी, असं तिला वाटलं असणार.

नाट्यगृह खचाखच भरलं होतं. दारातच सगळ्यांचे फोन काढून घेतले. पहिल्या रांगेत आधी मामा, मग आई, मग मी. स्टेजच्या बाजूला भलामोठा पडदा, त्यावर कॅमेऱ्यातलं सगळं दिसत होतं. मागं गोदाक्काचा लालभडक फलक.

बुंबा आला. काळा रंग चमकत होता. लोक आधीच हसायला लागले. मग सूत्रसंचालकानं हाक दिली, "आणि आता बुंबाचा सख्खा भाऊ, थेट जंगलातून... कराडच्या!" आणि अमू आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेली पँट. मागून कुणीतरी केकाटलं. बुंबानं धावत येऊन त्याला मिठी मारली, त्याच्या काखेत नाक खुपसलं आणि चक्कर आल्यासारखा पडला. थिएटर दणाणलं. मग त्यानं अमूच्या कमरेला गवताची झालर बांधली. अमूनं बांधू दिली. हात लांब करून तो नुसता उभा होता, लहानपणी आई स्वेटरचं माप घ्यायची तेव्हा उभा राहायचा तसा.

"बोल की रे, भावाशी तुमच्या भाषेत बोल!" सूत्रसंचालक म्हणाला.

"माझी भाषा मराठीच आहे," अमू म्हणाला. त्यावरसुद्धा हसले लोक. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला आजही कळलेलं नाही.

"आणि ह्याची आई आलीय म्हणे! कुठायत आई?"

मामांनी उत्साहानं हात वर करून शेजारी बोट दाखवलं. झपकन सगळा उजेड आईवर पडला. पडद्यावर आईचा चेहरा भिंतीएवढा झाला.

"आई, एक खरं सांगा," तो म्हणाला, "रात्री लाईट गेली की पोरगं सापडतं का हो? का हसायला लावता, दात बघून शोधता?"

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. मामासुद्धा हसले. आईचा हात पदराकडे गेला, पदर तोंडावर गेला. तिचे खांदे गदागदा हलत होते. दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट धरलं आणि तिची नखं माझ्या कातडीत घुसली. मला कळत होतं, बाजूला बसलेल्या मलाच फक्त कळत होतं की आई रडं गिळतेय.

अमूनं पडद्याकडे पाहिलं. मग खाली आईच्या दिशेनं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत स्टेजचे दिवे होते. मग त्यानं कमरेची झालर सोडली, नीट घडी करून खाली ठेवली आणि मागच्या बाजूनं निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो घरी आला नाही. फोन बंद. मामांनी मोटारसायकल काढून स्टँड, घाट, मित्रांची घरं, सगळं पालथं घातलं. दोन्ही नद्यांचं पाणी बघत आई प्रीतिसंगमावर बसून राहिली. तिथं तिला का बसावंसं वाटलं, ते मी विचारलं नाही. पायाखालची वाळू सरकते म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून सायमनकाकांचा फोन आला. ते बाबांचे मित्र, त्यांच्याच गावचे, कोंढव्यात दुकान चालवायचे. त्यांचं मराठी रिक्षावाल्यांकडून शिकलेलं.

"आशा, टेन्शन नको घेऊ. पोरगा इकडं आहे. पण लई नाराज आहे. बोलतो, काका, मला बाबाच्या गावी पाठव, बीबीकडे, आजीकडे. परत नाही यायचं. पासपोर्टचं विचारतोय."

"काका, त्याला फोन द्या."

मग अमूचा श्वास.

"अमू, घरी ये. मामांना मी झापलंय. ते आता—"

"ताई, मामांचं काही नाही. त्या सगळ्यांचंच काही नाही. मी तयार होतो सगळ्याला." तो थांबला. "आई हसली."

"नाही रे! काय बोलतोस? आई रडत होती!"

"मी बघितलं, ताई. एवढ्या मोठ्या पडद्यावर. सगळ्यांबरोबर तीपण."

"माझ्या मनगटावर तिची नखं उमटलीत, अमू! फोटो पाठवते."

"मला परत बोलवायला तू काहीही सांगशील. मी ओळखतो तुला." आणि फोन ठेवला.

आईला सांगणं मला जमेना, पण ती समोरच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाली बसली. "त्याला वाटलं मी हसले?" तिनं विचारलं. पुन्हा एकदा विचारलं. मग ती रोज फोन लावू लागली आणि तो उचलेना. सायमनकाका बिचारे सांगायचे, वहिनी, नाही बोलतो. मी म्हटलं, तूच पुण्याला चल. आई म्हणाली, "जाऊन काय सांगू? बाळा, तुझी टिंगल झाली तेव्हा मी रडले, असं आईनं पोराला पटवायचं? दारातनं परत लावलं तर मी कुठं जाऊ?"

मला एकच आशा होती, कार्यक्रम लागला की त्यात खरं दिसेल. कॅमेरा तर आईवर होता ना! अमू बघेलच. मी त्या रविवारच्या संध्याकाळची अशी वाट पाहिली की तशी निकालाची पाहिली नव्हती.

लागला. अमू चार पावलं आला, बुंबानं मिठी मारली, तो दात आणि लाईटवाला विनोद झाला आणि मग आई दिसली. पदर तोंडावर, खांदे हलतायत, आणि वर रेकॉर्ड केलेला खदाखदा हशा. तिथंच कापलं. अमूचा 'माझी भाषा मराठीच आहे' गेला, झालर काढून ठेवणं गेलं. उरली ती मुलाच्या टिंगलीवर हसणारी आई. पुढचा सगळा आठवडा त्यांनी तोच तुकडा जाहिरातीत फिरवला, "आईसुद्धा हसून हैराण! पोट धरून हसा!" खाली गोदाक्काची बाटली.

अमूचा एकच शब्द आला मेसेजवर. "बघितलं."

आई टीव्हीसमोर तशीच बसून होती. "आशा," ती म्हणाली, "आता साऱ्या महाराष्ट्राला वाटणार मी हसले."

साऱ्या महाराष्ट्राचं मला काय! मला एका माणसाला दाखवायचं होतं. मी तो तुकडा फोनवर शंभरदा पाहिला असेन, मोठा करून, सावकाश करून. आणि मला दिसलं. मानेची शीर ताठलेली. डोळे घट्ट मिटलेले. आणि पदर. मी आईकडे गेले.

"हे मी टाकणार आहे. तुझा चेहरा."

"नको गं. माझं तोंड साऱ्या गावाला दाखवणार?"

"त्यांनी आधीच दाखवलंय, आई. खोटं सांगून दाखवलंय."

तिनं फोन हातात घेऊन स्वतःचा चेहरा बघितला. "टाक," म्हणाली आणि आत गेली.

मी लिहिलं, "ही माझी आई, कुमुद म्वाक्युसा. ज्या मुलावर सगळे हसले तो तिचा मुलगा आहे. कार्यक्रम म्हणतो, ती हसतेय. मी तिच्या शेजारी बसले होते. गोदाक्का मसाले, हा तुकडा तुमच्या पैशावर चाललाय. तुम्हीच नीट बघा आणि सांगा, ही बाई हसतेय का?"

पहिल्यांदा नेहमीचीच मंडळी आली. "हसतेच आहे की, खांदे बघा." "प्रसिद्धीसाठी आईलाही सोडलं नाही." मी फोन उपडा ठेवला. संपलं, असं वाटलं. मग विट्याच्या कुणा शेवंताबाईंनी लिहिलं. त्यांच्या नातवानं टाईप करून दिलं असणार.

"पोरांनो, हसताना बाई पदर ओठांवर धरती. रडं कोंडायचं असलं की दातांत धरती. नीट बघा. त्या माऊलीनं पदर दातांत धरलाय. मी नवरा गेला तवा धरला हुता."

त्याखाली दुसरी बाई आली. मग तिसरी. बार्शीची, गडहिंग्लजची, मालेगावची. मीही असाच धरला होता, सासू बोलली तेव्हा. मी पोरीच्या पाठवणीला. पुरुष म्हणत होते हसतेय, बायका म्हणत होत्या डोळे फुटलेत का. आणि दिवस होते तिखटाचे. घरोघरी अंगणात मिरच्या वाळत होत्या, कांडप गिरणीच्या दारात पाट्यांच्या रांगा. एकीनं आपल्या मिरच्यांचा फोटो टाकून खाली लिहिलं, "यंदा आमच्या घरी तिखट घरचंच. गोदाक्का नको." बघता बघता लाल मिरच्यांनी फोन भरून गेला. माझं शहाणपणाचं हॅशटॅग कुणी वाचलं नव्हतं. हे मात्र कुणी न सांगता पसरलं.

मामा तणतणतच आले. "काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ! कंपनीचा फोन आला. म्हणतात, तुमच्याच घरातनं कंपनीच्या मुळावर उठलेत. दुकानदार माल परत धाडतायत. माझ्याच ताटात माती कालवलीस तू!"

"मामा, अमू परत येईना त्याचं काय?"

"त्याला मी आणतो मानगुटीला धरून! पण हे काढ!"

तेव्हा आई आतून आली. मामांसमोर ती कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "दादा," म्हणाली, "काय काढायचं ते एकदा बघ तरी."

मामांनी फोन हातभर लांब धरला. मी मोठा करून दिला होता. मध्ये आई, पदर दातांत. आणि तिच्या खांद्याला खांदा लावून मामा, तोंड उघडं, मान मागं, हसून हसून डोळ्यांत पाणी. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. मग अजून एकदा. मग ते उंबऱ्यातच खाली बसले.

"मी शेजारीच होतो की गं," ते म्हणाले. "कुमे, मी शेजारीच होतो."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आशे, लिही. मला ते बटणं दाबायला येत नाहीत. मी बोलतो तसं लिही."

"काय लिहू?"

"लिही, मी हणमंत जगदाळे, गोदाक्का मसाल्याचा कराडचा डीलर. व्हिडिओतली बाई माझी सख्खी बहीण. ती रडतीय." त्यांचा आवाज फुटला. "लिही, तिच्या शेजारी हसणारा म्हातारा मी. पोराला स्टेजवर चढवणारा पण मीच. लिही, अमू, तुझी आई हसली नाही रे लेका. हसला तो मामा."

"मामा, हे टाकलं तर डीलरशिप—"

"टाक म्हणतोय ना!"

मी टाकलं. त्यानंतर काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लाखांनी लोकांनी पुढं पाठवलं. गोदाक्कानं चार ओळींचं पत्रक काढलं, सामाजिक भान जपत आम्ही प्रायोजकत्व थांबवत आहोत. मग साबणवाले गेले, मग चहावाले. चॅनेलनं माफी मागितली नाही, पण बुंबा पुन्हा दिसला नाही. पत्रकार फोन करून विचारायचे, जिंकल्यावर कसं वाटतंय? पुण्याच्या त्या इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींनी माझं अभिनंदन केलं. लॅबमधल्या सरांनी पेढे वाटले, तेव्हा मला मामांचा खोका आठवून घशाखाली उतरेना.

आईला यातलं काहीच नको होतं. ती येता जाता एकच विचारायची, "त्याचा काही आला?"

"नाही."

"बघितलं असेल ना त्यानं?"

"सगळ्यांनी बघितलंय, आई."

"सगळ्यांचं नाही विचारत मी."

सायमनकाकांनाही लावून पाहिलं. ते म्हणाले, दिवसभर फोन घेऊन बसतो, जेवत नाही, बोलत नाही. पासपोर्टचा अर्ज भरून ठेवलाय. मला वाटलं, उशीर झाला. अख्खी जाहिरात बंद पाडून मी माझ्या भावाला काही परत आणू शकले नाही. आईनं शिवायला घेतलेलं कापड तसंच मशीनमध्ये अडकून होतं. आम्ही दोघी घरात असायचो आणि भांड्याचासुद्धा आवाज व्हायचा नाही.

एका दुपारी मी मिरच्या निवडत होते, तेवढ्यात फोन वाजला. हात झोंबत होते, म्हणून फोन कोपरानंच सरकवून स्पीकरवर टाकला.

"ताई," अमू म्हणाला. "आईला दे."

आई दारातच होती. ती माझ्यासमोर येऊन फोनपुढे बसली.

"आई, माझ्या डोळ्यांवर लाईट होता गं," अमू म्हणाला. पोरगं ढसाढसा रडत होतं. "मला नीट दिसलं नाही. मला नाही दिसलं, आई."

आईचा हात सवयीनं पदराकडे गेला. अर्ध्यावर गेला आणि तिथंच थांबला. तिनं पदर खाली सोडला, हात मांडीवर ठेवला आणि तोंड उघडं ठेवून, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशी ती मोठ्यानं रडली. "ये रे बाळा," म्हणाली, "घरी ये."

तो आला. पुढं बीबीला भेटायला टांझानियालाही जाऊन आला, पण परतीचं तिकीट काढून. मामांची डीलरशिप गेली. त्यावरून ते आजही मला टोमणे मारतात, आणि घरचं तिखट मात्र किलोकिलोनं घेऊन जातात.

आईनं तेव्हापासून तोंडावर पदर घेतला नाही. हसतानाही नाही आणि रडतानाही नाही.